पालथी कोनशिला

वडशाच्या रेल्वे फाटकाजवळ बाबूभाईचं संगमरवराचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर चार पत्रे, आत दगड घासायची एक मशीन आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाट्या. कबरीच्या पाट्या, देवळाला देणगी देणाऱ्यांच्या पाट्या आणि सगळ्यात जास्त पुढाऱ्यांच्या. बाबूभाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरं तो उस्तादाच्या हाताखाली छिन्नीनं शिकला, तेही मिशा फुटल्यावर. कागदावर वाचायचं म्हटलं की तो अडखळे. दगडावरचं मात्र बोट फिरवूनही त्याला ओळखू येई.

त्याच्या धंद्याची एक रीत होती. निवडणूक झाली की हरलेल्यांच्या कोनशिला हळूहळू त्याच्याकडे परत येत. रस्ता तोच राही, नाव बदले. चांगला दगड फेकायला त्याचं मन धजत नसे. तो दगड उलटवायचा, मागची बाजू घासून गुळगुळीत करायचा आणि तिच्यावर नवं नाव कोरायचा. जुनं नाव भिंतीच्या बाजूला, सिमेंटच्या मालात दडून जाई.

"आपल्या इलाक्यातल्या निम्म्या दगडाईले दोन-दोन पुढारी हायेत," तो बायकोला, मलिकाला, सांगायचा. "एक लोकाईकडे पाहून राह्यला, दुसरा भिताडाकडे."

पिंपळटोला फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्याचा दगड त्यानंच केला होता. आचारसंहिता लागायला दोन दिवस होते, म्हणून सारं घाईघाईत झालं. स्लॅबचे टेकू निघून आठवडा झाला नव्हता आणि इंजिनिअरची सहीही झाली नव्हती. तरी पंचायत समितीचे सभापती गुणवंतराव सकाळी सातला येऊन, नारळ फोडून, फीत कापून गेले. ठेकेदार त्यांचा साळा होता. दगडावर 'लोकार्पण' असं ठळक लिहिलेलं, खाली तारीख आणि गुणवंतरावांचं नाव गावाच्या नावाहून मोठं. बाबूभाईनं स्वतः तो बाजूच्या भिंतीत बसवला होता.

पोळ्यानंतरच्या एका दुपारी जोराचा पाऊस आला. पिंपळटोल्याचा मुखरू धानाच्या फवारणीचं औषध आणायला वडशाला निघाला होता. बस दिसली तसे निवाऱ्यात थांबलेले बाकीचे धावले. मुखरू पिशवी उचलायला मागं वळला आणि स्लॅब त्याच्यावर आला. भिंती उभ्या राहिल्या. माणूस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुणवंतरावांचा माणूस प्रणित निवाऱ्याच्या भिंतीतून काढलेला दगड गाडीत टाकून दुकानात हजर झाला.

"चाचा, याच्यावर निस्तं भूमिपूजन पाहिजे. सरपंचाचं नाव टाका."

"कोणत्या सरपंचाचं? ते तं मागच्या साली वारले."

"म्हणूनच."

"अन् लोकार्पण?"

"कशाचं लोकार्पण? काम अपुरं होतं. लोकं उगाच जाऊन बसले." प्रणितनं तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. "जुनं घासून टाका. दिवस बुडायच्या आत भिताडात बसलं पाहिजे." जाता जाता तो दारात थांबला. "नगरपरिषदेची अतिक्रमणाची यादी पाह्यली काय, चाचा? तुमचं दुकान नाई त्यात. मले लय बरं वाटलं."

त्या मापाचा दुसरा दगड दुकानात नव्हता, आणि जुनी बाजू घासायची तर दगड पातळ होऊन तडकला असता. त्यानं नेहमीसारखा तो उलटवला. खरं सांगायचं तर मशीन त्या नावावर टेकवायला त्याचा हात गेला नाही. आपण पुसलं नाही, नुसतं पालथं घातलं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. संध्याकाळी जाड माल लावून त्यानं दगड पुन्हा त्याच खाचेत बसवला. फाट्यावर दोन-चार लोक उभे होते. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे आपापल्या वाटेनं गेले. मुखरूची बायको साधना तेव्हा नदीवर होती, माती देऊन परतायची होती.

पुढं चौकशी लागली. ग्रामपंचायतीत अधिकारी बसले, टेबलावर फोटो मांडले. फोटोत गुणवंतराव हार घालून उभे होते, पण मागची भिंत दिसत नव्हती. ते फक्त कामाची पाहणी करायला आले होते, असं त्यांच्या वकिलानं लिहून दिलं. मग बाबूभाईला बोलावलं.

"दगड तुम्हीच केला?"

"हो, साहेब."

"त्यावर लोकार्पण लिहिलं होतं, असं ही बाई म्हणते."

कोपऱ्यात साधना बसली होती. ती त्याच्याकडेच पाहत होती. बाबूभाईनं खाली मान घातली.

"जे दगडावर दिसून राह्यलं, तेच हाय, साहेब."

शब्द खोटे नव्हते. तेवढ्यावर तो घरी आला आणि जेवायला बसला. मलिकानं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाई." सहा महिने त्याला वाटत राहिलं की खरं तर भिंतीत आहेच, कुठं गेलं नाही. कधीतरी लागलं तर काढता येईल. पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखा तो त्याचा विचार करायचा.

तिकडं गुणवंतराव आमदार झाले.

उन्हाळ्याच्या तोंडावर साधना दुकानात आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता.

"बाबूभाऊ, एक लहान पाटी पाहिजे. वावराच्या धुऱ्यावर लावाची हाय, त्यायच्या नावाची."

"करून देतो, बाई. काय लिहू?"

"नाव लिहा. अन् खाली लिहा, निवाऱ्याचा स्लॅब पडून मेले. नाई तं लोकं म्हणतीन, दारू पिऊन मेला."

"कोण म्हणते असं?"

तिनं चौकशीच्या अहवालाचा कागद उघडून वाचला. ती सातवी शिकलेली होती, सरळ वाचत गेली. बांधकाम अपूर्ण होतं, हस्तांतरण झालं नव्हतं, मयत इसम मनाई असताना नशेच्या अवस्थेत आत शिरला. सबब कोणी जबाबदार नाही.

"त्यायनं जिंदगीत दारूले हात नाई लावला," ती म्हणाली. "मले भरपाईचे पैसे नाई पाहिजे. ही एक ओळ काढून पाहिजे. पोरगी मोठी होईन, तिनं हे वाचाचं काय?"

बाबूभाईच्या हातातली छिन्नी तशीच राहिली. मग त्यानं ती खाली ठेवली.

"बाई, तो दगड उलटा हाय. जुनं नाव मागं हाय. म्या घासलं नाई."

साधनानं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे तुमाले माहीत होतं. मी चौकशीत बसली होती, तेव्हाही."

"हो."

"अन् तुमी जेवले अस्सान त्या दिवशी."



दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं फाट्यावर गेले. बाबूभाईनं कडेनं छिन्नी घालून हळूहळू माल फोडला आणि दगड ओढून काढला. अक्षरांत सिमेंट अडकलं होतं, तरी लोकार्पण, तारीख, नाव, सगळं वाचता येत होतं. भिंतीवरच्या मालातही तीच अक्षरं उलटी उमटली होती. चहाच्या टपरीवरचे लोक जमले. कोणी मोबाईलवर फोटो काढले. एक म्हातारा म्हणाला, "हे तं आमाले माहीतच होतं." साधनानं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मागं सरकला.

फोटो आणि अर्ज घेऊन ते तालुक्याच्या कचेरीत गेले. बाबूभाईनं अर्जाखाली सही केली, आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. कारकुनानं ऐकून घेतलं, अर्जावर पोचेचा शिक्का मारला.

"चौकशी बंद झाली, चाचा. अहवाल मंजूर झाला. अपिलाची मुदतही गेली. तेव्हा सांगतलं असतं तं गोष्ट वेगळी होती." मग आवाज खाली करून म्हणाला, "अन् तुमी तं आपल्याच आधीच्या जबानीच्या विरुद्ध बोलून राह्यले. तुमचं कोण मानीन?"

पंधरा दिवसांनी रस्ता रुंद करायचा म्हणून निवाऱ्याच्या भिंती पाडल्या गेल्या. अतिक्रमणाच्या नव्या यादीत बाबूभाईचं दुकान आलं. दुकानाचं त्याला फारसं वाटलं नाही. त्याला कारकुनाचं 'तेव्हा' आठवत राहिलं.

मुखरूची पाटी त्यानं कोऱ्या दगडावर केली. साधनानं सांगितलं तेच लिहिलं, एक अक्षर कमी नाही. काळा रंग भरून झाल्यावर त्यानं पाटी पालथी घातली. मागची बाजू साफ, गुळगुळीत होती. उद्या कोणालाही तिच्यावर काहीही कोरता आलं असतं.

त्यानं मोठी छिन्नी घेतली आणि त्या बाजूवर घाव घालत बसला, सगळी खडबडीत होऊन हाताला टोचायला लागेपर्यंत.