अकरा हजार मैल आणि एक सॉरी

दाराच्या फटीतून पत्र पडलं की डेलिथ ते आधी लांबूनच बघायची. पन्नाशीची बाई, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळी घालणारी, मेलेल्या माणसाचे डोळे मिटताना हात न थरथरणारी. पण फायनान्स कंपनीचं पांढरं पाकीट दिसलं की हातपाय गार!

झालं होतं असं. कामाचे तास कमी झाले आणि गाडीचे हप्ते परवडेनासे झाले. अर्धी रक्कम फेडली असेल तर करार मधेच संपवून गाडी परत करता येते, कायदाच आहे तसा, आणि डेलिथने अर्धी फेडली होती. पण वेल्सच्या त्या डोंगरगल्ल्यांत एका म्हातारीकडून दुसरीकडे धावता धावता करारातल्या मर्यादेपेक्षा अकरा हजार मैल जास्त झाले होते. कंपनी म्हणे, त्याचे अकराशे पौंड भरा.

खरी भीती होती ती घराची. नवरा एम्लिन छातीने अधू. जिना चढला की ओठ निळे पडायचे. सहा महिने बिचारा खाली सोफ्यावर झोपत होता. बिनजिन्याचं एक छोटं घर भाड्याने मिळत होतं, पण मालकीणबाई सोमवारी डेलिथच्या कर्जाची नोंद तपासणार होती. त्यावर एक डाग दिसला की घर गेलं.

"तुला कुणी सांगितलं होतं गं सॉरी म्हणायला?" शेजारचे इद्रिसकाका कडाडले. वय ऐंशी, उभा जन्म खाणीच्या युनियनमध्ये गेलेला. गल्लीत त्यांना अजून इद्रिस युनियनच म्हणत. हातात कंपनीचं ताजं पत्र होतं: 'जास्तीचे मैल आपण फोनवर मान्य करून दिलगिरी व्यक्त केली आहे.'

"अहो काका, मी नुसतं म्हटलं, सॉरी हं, मैल जरा जास्तच झालेत."

"झालं! अगं, दुकानात कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणतो. ती काय कबुली असते? पण माकडाच्या हाती कोलीत दिलंस ना!"

मग काकांनीच तिच्याकडून पत्र लिहून घेतलं. करार संपवत आहे, मैलांचे पैसे मान्य नाहीत. पत्र पाठवून पोचही घेतली. "एकच लक्षात ठेव, पोरी. आपण करार संपवतोय. गाडी 'स्वाधीन करते' असं लिहिलं असेल तिथे सही करायची नाही. संपवला तर अर्ध्यावर सुटलीस. स्वाधीन केलीस तर उरलेलं सगळं तुझ्याच बोकांडी बसेल."

गुरुवारी सकाळी गाडी न्यायला माणूस आला, आणि नेमके काका गुडघा दाखवायला इस्पितळात गेलेले. डेलिथचा जीव टांगणीला लागला. तिने आधी त्याला चहा दिला. दारात आलेल्याला चहा न देणं तिला कुठलं जमायला!

माणूस तसा बरा होता. त्याने गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढले, मीटर पाहिला आणि शीळ घातली. "बापरे ताई, चंद्रावर जाऊन आलात की काय?"

"सॉरी," डेलिथच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली.

त्याने फोन पुढे केला. "इथे बोटाने सही करा."

तिने चष्मा लावला. 'मी गाडी स्वखुशीने कंपनीच्या स्वाधीन करत असून जास्तीचे मैल मान्य करते.' तिने ते दोनदा वाचलं.

"हे... स्वाधीन लिहिलंय."

"अहो, सगळेच करतात सही. आणि सही नसेल तर मी गाडी नेऊ शकत नाही. मग 'ग्राहकाने गाडी दिली नाही' असं लिहावं लागतं. ते नोंदीवर येतं, बघा."

नोंद! आत एम्लिनला खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. सही केली तर कर्ज, नाही केली तर डाग. इकडे आड तिकडे विहीर. माणूस वाट बघत उभा, हातात तिचाच कप. कुणाला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे डेलिथला मेल्याहून मेल्यासारखं. बोट काचेजवळ गेलंसुद्धा.

"सॉरी," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की त्याने कान पुढे केला. तिने परत सांगितलं. किल्ल्या बॉनेटवर ठेवल्या, शेजारी पत्राची पोच ठेवली आणि त्या सगळ्याचा फोटो काढला, माणसासकट. "गाडी मी देतेय. तुम्ही नेत नसाल तर तसं लिहा."

त्याने कचेरीत फोन लावला. बराच वेळ कुजबुज केली. मग किल्ल्या उचलल्या. "त्यांनी 'सही नाकारली' असं लिहायला सांगितलंय. पुढचं ते बघतील. सॉरी हं ताई, माझंही पोट आहे."

'असू दे हो' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी ती आत आली. एम्लिन धापा टाकत उठून बसला होता.

"गेली गाडी?"

"गेली."

"आणि घर?"

"माहीत नाही रे. सोमवारी कळेल." ती त्याच्याशेजारी बसली. एरवी अशा वेळी ती त्याला सॉरी म्हणाली असती.