नऊ आणि दहाच्या मधलं

बॉयलरवर ती बारा वर्षं होती. दाबाच्या काट्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, साडेनऊला आला की आग कमी करायची, हे तिला थोरल्या भावानंच शिकवलं होतं. दादा त्याच कागद कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा. नोकरीही त्यानंच लावून दिलेली.

मग त्यानं काटा काढून आकड्यांचं मीटर बसवलं.

"काटा उतारावरून सरकतो," तो म्हणाला. "हे यंत्र त्या उताराच्या पायऱ्या करतं, आकडा पायरीपायरीनं बदलतो. साडेनऊला भोंगा वाजेल. तू निवांत राहा, चिमे."

मीटर दादानं बसवलेलं, म्हणून तिनंही डोळे झाकून विश्वास ठेवला.

एका दुपारी मीटरवर नऊ असतानाच वाफेच्या नळाचा सांधा फुटला. समोर कोळसा टाकणारे काका होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीत साहेबांनी मीटरची नोंद पुढे केली. "दाब नऊच होता. म्हणजे सांधा आधीपासून गळत होता आणि बाईंनी बघितलं नाही."

दादा शेजारीच बसला होता. तो नखं कुरतडत राहिला.

तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी भंगारातला जुना काटा तिनं फिटरकडून मीटरशेजारी जोडून घेतला. नवा सांधा बसवून बॉयलर तापवला. काटा सव्वानऊवर गेला, साडेनऊवर, पावणेदहावर. मीटर नऊवरच. काटा दहाला टेकला तेव्हा कुठे मीटरवर दहा उमटले आणि भोंगा वाजला.

संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. वहिनीनं पाणी पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही.

"पायरी एवढी मोठी कुणी केली?"

"मीच," तो खाली बघत म्हणाला. "नाहीतर भोंगा सारखा वाजला असता, काम थांबलं असतं. साहेब म्हणाले, मधलं काही दिसायला नको."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बॉयलर चालवला नसतास."

"आणि काल माझ्यावर शेकलं तेव्हा?"

"तुला फार तर समज देतील, असं वाटलं. माझी नोकरी गेली असती."

तिनं सगळं लिहून काढलं, फिटरची सही घेतली आणि कागद बॉयलर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दिला. साहेबांची बदली झाली. दादाची नोकरी गेली. काकांच्या उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही.

"सख्ख्या भावाविरुद्ध लिहिलंस," आई म्हणाली.

दादा आता अधूनमधून येतो. ती दार उघडते, चहा करते. परवा तो म्हणाला, बाहेर पाऊस लागलाय. ती उठून खिडकीशी गेली आणि स्वतः बघून आली.