शुबाएलची शपथ

"टोपी काढा आधी," असं म्हणत कॅप्टनच्या चाकराने स्वतःच हात पुढे केला.

शुबाएलने टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावर लाकडी पिंपं बांधणारा हा म्हातारा पक्का क्वेकर पंथाचा. देवाखेरीज कुणापुढे टोपी काढायची नाही, राजा असो की रंक, अरेतुरेच करायचं आणि शपथ तर जन्मात घ्यायची नाही.

"राहू द्या हो त्यांची टोपी!" लिव्हरमोर कळवळून म्हणाला. तो अमेरिकेच्या वकिलातीतला. दोन वर्षं त्याने लंडनमध्ये उंबरठे झिजवले होते. शुबाएलच्या मुलाला, ओबेडला, इंग्रजांनी आपलीच प्रजा म्हणत भर समुद्रात व्यापारी जहाजावरून उचललं होतं आणि फ्रेंचांशी लढायला या युद्धनौकेवर डांबलं होतं. इंग्रज आरमाराच्या वरिष्ठांनी अखेर मान डोलावली, पण अट घातलीच: बापाने बायबलवर हात ठेवून सांगायचं, की हा अमेरिकेत जन्मलेला माझा मुलगा.

कॅप्टनने बायबल पुढे सरकवलं.

"तो माझ्या घरात, बेटावर जन्मला," शुबाएल म्हणाला. "मी खोटं बोलत नाही. एवढं तुला पुरे व्हावं."

"तुला?" कॅप्टनला हसू फुटलं. "आजोबा, शपथ घ्या, नाहीतर पोरगा राहील इथंच. उद्या आम्ही निघतोय."

लिव्हरमोर म्हाताऱ्याच्या कानाशी लागला. "अहो, दोन शब्द बोलायचेत फक्त! यासाठी मी कुणाकुणाचे पाय धरलेत, माझं मला ठाऊक."

"आमची मंडळी मला वाळीत टाकतील."

"टाकू देत की!"

 शुबाएलने बायबलवर हात ठेवला. शब्द पुटपुटून झाले तसा तो हात त्याने कोटाला पुसला.

ओबेडला होडीत उतरवताना वल्हेकऱ्याचा हात त्याच्या पाठीला लागला, तसा तो कळवळला.

"काय झालं रे पाठीला?"

"फटके. माणसं मारायची नाहीत, हे तूच शिकवलंस ना? मी तोफेला हात लावला नाही. राजाशी इमान राखायची शपथ घे, मग थांबवतो, म्हणायचे." ओबेड जरासा हसला. "नाही घेतली."

लिव्हरमोर किनाऱ्याकडे बघू लागला.

"आणि तुझ्याकडे नाही मागितली शपथ?" ओबेडने विचारलं.

"मागितली."

"मग?"

"घेतली."

ओबेडचं हसू मावळलं. होडी बरीच पुढे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मी सोसलं असतं, बाबा."

"मला सोसवलं नसतं."