पंपांचा कारखाना

"मॅडम, गेल्या वर्षीही हेच विचारलंत. आम्ही शेतीचे पंप बनवतो. पंप!" पलीकडून फोन आपटला.

जगात कोण किती शस्त्रं बनवतं याची आकडेवारी जमवणाऱ्या एका लहानशा संस्थेत ताई कामाला होती. कंपन्या ताकास तूर लागू देत नसत, सरकारं त्यांच्यावर कडी करत. पण या कारखान्यात ताईचा धाकटा भाऊच कामाला होता.

संध्याकाळी तो आला. चहा देताना तिने विचारलं, "काय रे, पंपात दारू भरता म्हणे?"

"भरली तर गिऱ्हाइकांची रांग लागेल!" तो हसला. मग कप धरलेले आपले हात त्याने पाहिले. तळवे हळदीसारखे पिवळे झाले होते, साबणाने निघत नव्हते. "ताई, नको विचारूस. सह्या घेतल्यात आमच्या. घरसुद्धा कंपनीचंच आहे."

दुसऱ्या दिवशी संस्थेत तिने सरांना सांगितलं.

"लेखी काही आहे?"

"त्याचे हात पिवळे झालेत, सर. स्फोटकं भरणाऱ्यांचे होतात तसे."

सरांनी चष्मा काढला. ते बराच वेळ डोळे चोळत राहिले. "मला कळतंय गं. पण हात कुठल्या रकान्यात लिहू, सांग."

ताईने कारखान्यापुढे शून्य लिहिलं.

पावसाळा संपता संपता कारखान्याची एक बाजू उडाली. गावाबाहेरच्या घरांच्यासुद्धा काचा फुटल्या. 'पंप तपासताना गॅसची टाकी फुटली,' असं कंपनीने जाहीर केलं.

शवागाराबाहेरच्या बाकावर भावजय बसली होती. कंपनीचा माणूस अदबीने वाकून म्हणाला, "ते पंप विभागात होते, एवढंच लिहिलंय. सही झाली की लगेच ताब्यात देतो."

"आणि नाही केली तर?" ताईने विचारलं.

"मग चौकशी होईल. ती संपेपर्यंत ते इथेच राहतील."

भावजयीने कागद ताईपुढे धरला. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. करू ना?"

ताईने तो वाचला. इतकी वर्षं सर मागत होते तसाच लेखी, सही-शिक्क्याचा पुरावा होता तो. फक्त उलटा.

"कर," ती म्हणाली.

दार उघडलं. आत टेबलावर पांढऱ्या कापडात बांधलेलं काहीतरी होतं. ताई हात लावायला पुढे झाली.

"राहू द्या," भावजय म्हणाली, आणि तिने ते एकटीनेच उचललं.