विषय क्रमांक अकरा

शिक्षण मंडळाच्या सभागृहात भिंतभर मुलांचे फोटो लावलेले होते आणि त्यातलं एकूण एक मूल हसत होतं. त्यांना एवढं हसायला काय झालंय, हे औषधवालीला पहिल्या मीटिंगला कळलं नाही. दुसऱ्या मीटिंगला कळलं.

औषधवाली म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाची मालकीण. मंडळावर निवडून यायची तिला काडीची हौस नव्हती. पण तिची लेक सातवीत होती आणि वर्ष सुरू झाल्यापासून सातवीला गणिताचा शिक्षकच नव्हता. जुने सर निवृत्त झाले होते. नव्या बाईंची मुलाखत झाली होती, मुख्याध्यापिकेने पसंती कळवून फाइल वर पाठवली होती. मंडळाने 'मंजूर' म्हणायचं, एवढ्यावरच घोडं अडलं होतं. तोवर गणिताच्या तासाला खेळाचे सर येऊन बसत आणि 'आवाज नको' एवढा एकच धडा शिकवत.

पूर्वी ही पोर शाळेतून आली की दुकानात स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाइकाला सुटे किती द्यायचे ते हिशेबाच्या यंत्राच्या आधी सांगायची. म्हातारी गिऱ्हाइकं मुद्दाम मोठी नोट काढून तिची परीक्षा घ्यायची. एक दिवस औषधवालीने पाहिलं, तर पोरगी दोन साध्या आकड्यांची बेरीज यंत्रावर करत होती.

"अगं, हे तर तू तोंडी करायचीस ना?"

"मला नाही जमत गणित," लेक म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. आपल्याला पोहता येत नाही हे एखाद्याने सांगावं तसं सांगून मोकळी झाली. औषधवालीने त्याच आठवड्यात निवडणुकीचा अर्ज भरला. नवरा म्हणाला, "एका शिक्षकासाठी निवडणूक? उद्या दूध नासलं तर पंतप्रधान होशील." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूटपणे पत्रकं वाटायला निघाला.

मंडळात तिच्याखेरीज तिघं होते. अध्यक्ष पूर्वी रस्त्यांचे ठेकेदार होते आणि शिक्षणाकडेही ते डांबर टाकायच्या नजरेनेच बघत. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या एक बाई दर पाच मिनिटांनी 'हरकत' म्हणत उठायच्या, म्हणून सगळे त्यांना हरकतबाई म्हणत. तिसरे दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्याचं तोंड उघडायला लावणाऱ्या या गृहस्थाचं स्वतःचं तोंड मंडळात 'अनुमोदन' या एका शब्दापुरतं उघडे. टिपणं घ्यायला एक चिटणीस होता, तो सगळ्यांना भिऊन असे.

मीटिंगचा पहिला विषय कायम ठरलेला: जिल्ह्याच्या शैक्षणिक आराखड्याचा आढावा. आराखडा गुळगुळीत कागदावर छापलेला होता आणि 'प्रत्येक मूल केंद्रस्थानी' हे वाक्य त्यात पानोपानी होतं. आढावा म्हणजे अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचायचा. मग फाटकाचा रंग, मग बाकांची उंची, मग सभागृहातल्या खुर्च्यांची गादी. विद्यार्थ्यांचं अध्ययन हा विषय क्रमांक अकरा, सगळ्यात शेवटी. त्याच्याच पोटात बाईंच्या नेमणुकीची फाइल होती. आठ वाजले की पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात उभा राहायचा आणि मंडळ तोवर सहाव्या-सातव्या विषयात रुतलेलं असायचं. अकरावा विषय पुढच्या मीटिंगला. तिथून आणखी पुढच्या. असं भिजत घोंगडं.

दुसऱ्या मीटिंगला औषधवाली हात वर करून म्हणाली, "अकरावा विषय आज आधी घेऊ या का?"

"हरकत!" हरकतबाई उठल्याच. "विषयांचा क्रम बदलायचा, तर तसा प्रस्ताव विषयपत्रिकेवर हवा."

"रास्त आहे," अध्यक्ष म्हणाले. "ताई, तुमचा प्रस्ताव घेतला. चिटणीस, लिहा. विषय क्रमांक बारा."

"अनुमोदन," दातांचे डॉक्टर म्हणाले.

अकरावा विषय वर घेण्याचा प्रस्ताव अशा रीतीने अकराव्याच्या खाली जाऊन बसला, आणि या वेडेपणावर सभागृहात कुणालाही हसू आलं नाही. हसत होती ती भिंतीवरची मुलं.

तिसऱ्या मीटिंगला फाटकाला हिरवा द्यायचा की निळा, यावर इतका कीस पडला की आठ कधी वाजले ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेचा दुकानात फोन आला. "त्या गणिताच्या बाईंना दुसरीकडे बोलावणं आलंय हो. या महिन्यापुरत्या थांबते म्हणाल्या, पुढे नाही. आणि दुसरं कुणी माझ्या हाताशी नाही."

औषधवालीने फोन ठेवला. समोर एक गिऱ्हाईक खोकल्याच्या औषधाची बाटली उलटसुलट करून बघत होतं. "झाकण घट्ट आहे ना? मागच्या वेळी गळत होतं. आणि ही लाल बाटली का? ती पिवळी बरी होती." बाटलीच्या आत काय आहे, ते त्याने विचारलं नाही. इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. झाकणाबद्दल मात्र ज्याला त्याला मत होतं.

ती बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता थांबली. मग तिने चिटणिसाला फोन लावला आणि नवा विषय सुचवला: गणिताच्या वर्गाच्या दारावर नावाची पाटी.

पुढच्या मीटिंगला पाटी विषय क्रमांक एक होती. अध्यक्षांनी आराखडासुद्धा तिच्याखाली ढकलला होता.

"पितळी," अध्यक्ष म्हणाले. "लाकडाला वाळवी लागते."

"हरकत! पितळ काळं पडतं. बँकेत आमच्या—"

"अनुमोदन."

"अहो, कशाला?"

"दोन्हीला," दातांचे डॉक्टर म्हणाले.

पितळ ठरलं. अक्षरं कोरायची की उठावाची, कोपरे गोल की चौकोनी, यावर रीतसर हातघाई झाली. औषधवाली मूग गिळून बसली होती. सगळे जरा दमले असं पाहून तिने हळूच विचारलं, "पण पाटीवर नाव कुणाचं घालायचं?"

"त्यात काय विचारायचं?" अध्यक्ष म्हणाले. "वर मंडळाचं. म्हणजे आता मंडळाचं म्हणजे... अध्यक्षांचं. आणि खाली त्या गणिताच्या शिक्षकाचं."

"शिक्षक तर नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"नेमणूक मंडळाकडे अडकलीये. अकराव्या विषयात."

अध्यक्षांच्या डोळ्यांपुढे बहुधा खालची जागा रिकामी असलेली पितळी पाटी उभी राहिली. त्यांचा चेहराच उतरला. "पाटी आहे आणि माणूस नाही? लोक शेण घालतील तोंडात! चिटणीस, काढा तो अकरा नंबर. मंजूर."

"हरकत—" हरकतबाई उठल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा परत खाली बसल्या. "नाही. बिननावाची पाटी बरी नाही दिसत."

"अनुमोदन."

संपलं. वर्ष निम्मं होत आलं तरी न झालेलं काम कपातला चहा निवायच्या आत उरकलं. औषधवालीचे डोळे भरून आले. तिने पर्स उचलली. त्या क्षणी ती घरी गेली असती, तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती.

पण अध्यक्ष चिटणिसाला मजकूर सांगत होते. "वर माझं नाव. त्याखाली 'अनुमोदक', डॉक्टरांचं नाव. मग 'मार्गदर्शन', या आपल्या बँकेच्या बाईंचं—"

औषधवालीने पर्स खाली ठेवली. "आणि सूचक?"

"सूचकाचं घालायची पद्धत नाही, ताई."

"पद्धत नाही? कल्पना कुणाची होती? अनुमोदन कशाला दिलंय हेसुद्धा ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं नाव घालता, आणि माझं नाही?"

आणि मग ती जी पेटली, ती आवरेना. आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं, आणि भांडायला मजा येतेय हेही कळत होतं. अक्षर केवढं, नाव कितव्या ओळीत, आडनाव आधी की नंतर, सगळ्यावर तिला मत होतं. पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या तेव्हा "जरा थांबा हो!" असं त्याच्यावर खेकसली, ती तीच. शेवटी तिचं नाव तिसऱ्या ओळीत बसलं. गणिताच्या बाईंचं नाव उरल्या जागेत बसवा, असं ठरलं.

बाई महिना संपायच्या आत रुजू झाल्या. पाटी लागली, फीत कापली, टाळ्या झाल्या. मंडळाच्या अहवालात 'अध्ययन: समाधानकारक' अशी ओळ पडली.

त्या आठवड्यात औषधवाली दुकान बंद करून घरी आली, तर लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर जिभेचं टोक बाहेर काढून आकडेमोड करत होती. यंत्र कुठे दिसत नव्हतं.

"काय करतेस?"

"टक्केवारी. बाईंनी आम्हाला सगळ्यांना पट्ट्या घेऊन दाराशी नेलं. पाटीची लांबी-रुंदी मोजायची, आणि कुणाच्या नावाने किती जागा खाल्लीय ते काढायचं. इतकी मजा आली! अध्यक्षांनी एकट्यानेच पाटीचा तिसरा हिस्सा खाल्लाय."

"मला वाटलंच होतं," औषधवाली खो खो हसली. डोळे पुसत तिने ओट्यावरचं पाणी घेतलं. "आणि बाई स्वतः?"

"बाई सगळ्यात बारीक. अगदी तळाला. त्यांना शोधायला सगळ्यांना खाली वाकावं लागलं." लेकीने वहीवरून बोट फिरवलं. "आई, तू बाईंच्या तिप्पट आहेस."

औषधवालीच्या हातातला पेला ओठांपाशी थांबला.

"नीट बघ," ती म्हणाली. "काहीतरी चुकलं असेल."

लेकीने मान वर केली. "दोनदा केलंय, आई. बरोबर आहे. आता मला जमतं."