किल्ले पाहिलेला आइसबॉक्स

मित्रांनो, मी एक जुना निळा आइसबॉक्स आहे आणि आजवर मी अकरा किल्ले पाहिले आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत? खरं सांगा. फोटोतले धरायचे नाहीत.

माझा जन्म शारजातल्या प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी चांगलाच गरम होतो. पुढचं सगळं आयुष्य मात्र थंड राहण्यात गेलं. अंगाने निळा, झाकण पांढरं, दोन बाजूंना दोन कड्या आणि तळाशी पाणी काढायला एक बूच. या बुचाकडे तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

बर दुबईच्या एका दुकानातून मला सदानंद आणि अपर्णा घेऊन आले. ते दोघेही पुण्याचे. सदानंद एका कंपनीत इंजिनियर, अपर्णा एका दवाखान्याच्या ऑफिसात. अल मनखूलमध्ये चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. त्यांची ओवी तेव्हा रांगत होती. तिच्या दुधाच्या बाटल्या, पुढे तिचं आंब्याचं दही, तिच्या वाढदिवसाची कुल्फी, सगळं मी सांभाळलं. "हा बॉक्स म्हणजे ना, नंबर वन!" असं अपर्णा पाहुण्यांना सांगत असे. मी फुगून जायचो. प्लॅस्टिकला फुगता येत नाही म्हणा, पण भावना पोहोचल्या असतील.

मग एक दिवस गाडीच्या डिकीत माझी बिजागरी तुटली. झाकण वेगळं झालं. पुढच्याच आठवड्यात घरात एक करडा, चाकं लावलेला नवा आइसबॉक्स आला. त्याला ओढत न्यायचं. उचलायचे कष्ट नाहीत. माझी रवानगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाली आणि माझ्यात कांदे-बटाटे भरण्यात आले. मित्रांनो, ज्याने कुल्फी सांभाळली त्याच्या पोटात कांदे! बरीच वर्षं मी तो वास सहन केला. कुणाला काही बोललो नाही. डोकं थंड ठेवणं हाच आमचा धर्म.

ओवी तिसरीत असताना सदानंदचे वडील दुबईला राहायला आले. त्यांचं नाव राजाभाऊ. आजी वारल्यावर कोथरूडच्या घरात ते एकटेच उरले होते. सह्याद्रीतला एकही गड त्यांनी सोडला नव्हता, असं सगळे म्हणत. आता मात्र उजवा गुडघा कुरकुरत होता. आल्या आल्या ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले, बसायला काही दिसेना, म्हणून त्यांनी मला उपडा करून माझ्यावर बैठक मारली. कांदे सगळीकडे घरंगळले.

"अगं अपर्णा, याची पाठ किती भक्कम आहे! याला कांद्यात का कोंडलंय?"

"बाबा, त्याचं झाकण तुटलंय."

"माझाही गुडघा तुटलाय. म्हणून काय मला कांद्यात ठेवणार का?"

त्याच दिवशी त्यांनी माझं झाकण पायजम्याच्या नाडीने बांधलं. मी पुन्हा माणसांत आलो.

दुबईत नोव्हेंबर ते मार्च हवा चांगली असते. त्या हिवाळ्यात आजोबांनी फर्मान काढलं की सुट्टीच्या दिवशी मॉल बंद, किल्ले सुरू. सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी. आम्ही फुजैराचा किल्ला पाहिला, अल ऐनचा जाहिली पाहिला, हत्ताचे बुरूज पाहिले. रास अल खैमाकडच्या धायाच्या टेकडीवरच्या किल्ल्याला खूप पायऱ्या आहेत. सदानंदने मला खांद्यावर घेतलं आणि प्रत्येक वळणावर तो "यल्ला, बाबा!" म्हणजे "चला, बाबा!" म्हणत राहिला. दर पन्नास पायऱ्यांनी आजोबा माझ्यावर बसत. माझ्या पोटात जिरं घातलेलं लबन, म्हणजे इथलं ताक, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असे. चाकांचा तो करडा आइसबॉक्स खाली गाडीतच राहायचा. पायऱ्यांवर चाकं काय कामाची?

आजोबांचा एक नियम होता. किल्ल्याच्या दारात पोहोचल्यावर आधी उंबऱ्याला हात लावायचा, तिथली धूळ बोटाने कपाळाला लावायची आणि मगच पाण्याला तोंड लावायचं. ओवी म्हणायची, "बट आजोबा, धिस इज नॉट अवर किल्ला!" आजोबा म्हणायचे, "ज्यांनी बांधला त्यांचे हात आपल्यासारखेच दुखले असतील ना? मग झालं तर." ओवी नाक मुरडून धूळ लावायची. तिसऱ्या किल्ल्यापासून ती आजोबांच्या आधी पळत जाऊन लावू लागली.

पण मग उन्हाळा आला. चार-पाच महिने बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. सदानंद आणि अपर्णा ऑफिसात, ओवी शाळेत. आजोबा दिवसभर एसीच्या आवाजात बसून राहायचे. त्यांचं बोलणं कमी झालं. सप्टेंबरमध्ये ओवीने पिशवीभर वाळू आणली आणि दिवाळीचा किल्ला करायचा हट्ट धरला. दोघांनी मोठ्या ताटात किल्ला केला. दुपारपर्यंत वाळू सुकली आणि बुरूज ढासळले. पुन्हा केला, पुन्हा ढासळला. आजोबा हसत म्हणाले, "जिथे किल्ल्यापुरती मातीसुद्धा मिळत नाही, तिथे माझ्यासारख्याचं मन कसं रमायचं गं?"

त्या आठवड्यात त्यांनी सदानंदला पुण्याचं तिकीट काढायला सांगितलं. दिवाळीच्या आधीचं, आणि परतीचं नको. सदानंदने खूप विनवलं. आजोबा म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही रे. इथे माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, एवढंच." ओवी दाराआडून ऐकत होती. मला ती दिसत होती.

ऑक्टोबरमध्ये हवा जराशी निवली, तेव्हा आजोबांसाठी शेवटची म्हणून एक सहल ठरली. फुजैराच्या डोंगरात वादीच्या काठी एक लहानसा मातीचा किल्ला होता. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, पाऊस झाला तरच वाहणारी. मोठी माणसं बुरुजाच्या सावलीत बसली होती. ओवी मला ओढत भिंतीमागे घेऊन गेली. तिने चटणीचा चमचा काढला आणि भिंतीचा तडकलेला कोपरा खरवडून मुठीएवढं ढेकूळ सुटं केलं. ते तिने माझ्यात, बर्फाखाली लपवलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला नुसतं झाकण आहे, आणि तेही नाडीने बांधलेलं.

संध्याकाळी घरी येऊन अपर्णाने झाकण उघडलं तर आत चिखलच चिखल. बर्फ वितळला होता आणि त्या पाण्यात किल्ल्याचं ढेकूळ विरघळून गेलं होतं. ओवी रडायलाच लागली. आजोबांनी तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"तुम्हीच म्हणालात ना, इथे माती नाही म्हणून तुम्ही जाणार. सो आय गॉट यू माती."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते उठले, आपला पंचा आणला आणि माझ्यातलं पाणी त्यातून गाळलं. कणही वाया जाऊ दिला नाही. उरलेल्या मातीचा त्यांनी गोळा केला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मला परत दिला.

"सदा, उद्या सकाळी निघायचं. ही परत द्यायची आहे."

"बाबा, परत दीड तास ड्राइव्ह? एवढ्याशा मातीसाठी?"

"एवढीशी म्हणून प्रत्येकाने नेली असती, तर आज आपण काय बघायला गेलो असतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या किल्ल्यावर गेलो. तिथे अबुजर नावाचा रखवालदार होता. पेशावरकडचा, पांढऱ्या दाढीचा. ओवीने गोळा पुढे केला आणि मान खाली घातली. आजोबांनी हात जोडून आपल्या हिंदीत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस पोलिसांना बोलावणार. अबुजरने आधी चमच्याने पडलेली खोक पाहिली. मग त्याने तो गोळा हातात घेऊन चाचपला.

"चाचा, बीस साल से हूँ यहाँ। ले जानेवाले बहुत देखे। लौटाने कोई नहीं आया।"

त्याने ओवीला बोलावलं आणि तिच्याच अंगठ्याने तो गोळा खोकेत बसवून घेतला. "दुरुस्तीवाले साहब आएँगे, मैं उनको बता दूँगा। वो पक्का करेंगे।" मग तो आम्हाला खाली वादीत घेऊन गेला. तिथे पुराने आणलेली तांबूस माती साचून तडकली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये किले की नहीं है, बारिश की है। हर साल नई आती है। ये ले जा, बेटी। भूसा मिलाना, तब खड़ी रहेगी। मेरे गाँव में घर ऐसे ही बनते हैं।" ओवीने आधी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवल्यावरच तिने ओंजळ भरली. थोड्याच वेळात माझं पोट मातीने गच्च झालं.

घरी मात्र नवीच अडचण उभी राहिली. इमारतीचा वॉचमन रिझवान दारातच म्हणाला, "बाल्कनी में मिट्टी मना है साहब, पानी नीचेवालों के कपड़ों पर जाता है।" आजोबा खचून माझ्या झाकणावर बसले. त्यांचं विमान चार दिवसांवर आलं होतं. इतक्यात ओवी ओरडली, "आजोबा, बाहेर काढायचीच कशाला? आइसबॉक्समध्येच किल्ला करू या!"

तर मित्रांनो, किल्ला माझ्यातच झाला. आजोबांनी भुसा कालवला, ओवीने बुरूज उभे केले, सदानंदने पायऱ्या कोरल्या आणि अपर्णाने तांब्याच्या वाटीचं तळं केलं. पायथ्याशी मातीचा एक दाढीवाला रखवालदारही बसला. दुपार झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी एकही बुरूज ढासळला नाही. उतारावर ओवीने मोहरी पेरली. जास्तीचं पाणी माझ्या तळाच्या बुचातून खाली ठेवलेल्या वाडग्यात ठिबकू लागलं. त्या करड्यालाही बूच आहे म्हणतात, पण त्याच्या पोटात कुणी किल्ला केला आहे का?

"पण आजोबा, तुम्ही गेल्यावर याला पाणी कोण घालणार? आम्ही सगळे दिवसभर बाहेर असतो," ओवी म्हणाली. ती अगदी खरं बोलत होती.

आजोबांनी मोहरीकडे पाहिलं, मग सदानंदकडे पाहिलं.

"तिकीट जरा पुढे ढकल रे. मोहरी उगवेपर्यंत थांबतो."

मी आता म्हातारा झालो आहे. माझ्यात बर्फ पुन्हा कधी भरला जाणार नाही आणि मला त्याचं दुःखही नाही. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. जिथे जाल तिथली माती कपाळाला लावा, पण भिंत खरवडू नका. तुटक्या झाकणाचा डबा फेकायच्या आधी एकदा त्याची पाठ तपासा. आणि घरातलं जुनं माणूस "मी जातो" म्हणालं, तर त्याला नुसतं "थांबा" म्हणू नका, त्याच्यावाचून अडेल असं एखादं काम त्याच्या हाती द्या.

मोहरी उगवली तरी आजोबा थांबलेच होते, पण मागच्या आठवड्यात ती पिवळी पडू लागली. सगळे चहा घेत असताना ओवी चोरपावलांनी आली आणि तिने माझ्या उतारावर मेथीचे दाणे टोचले. आजोबा दारात उभे राहून बघत होते. ती पळून गेल्यावर ते हळूच आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि तिने घाईत उघडे टाकलेले दोन दाणे त्यांनी बोटाने मातीत नीट झाकून टाकले.