नाते

भेटीचा अर्ज. सांगली. गुरुवार. सोबत ओळखपत्र.

कैद्याचे नाव: राणी बिरदेव मेटकरी.
हे नाव लग्नात तांदळात बोटाने लिहिलेलं. त्याआधी ती शेफाली होती, सीमेपलीकडची. दलालाने तिला आटपाडीकडच्या गावात आणलं, कारण मेंढरांमागे फिरणाऱ्या बिरदेवला कुणी मुलगी देत नव्हतं.

गुन्हा: कागदांशिवाय देशात राहणे.
शिक्षा: अकरा महिने. भोगून झाली.
त्यानंतर: आणखी चौदा महिने. बराक तीच, ताट तेच.

नाते:
हा रकाना नंतर.

वकील: सृष्टी जगदाळे, मलकापूर. हायकोर्टात तिच्या दोन मागण्या. शिक्षा संपलेल्या बाईला कैद्यांत ठेवू नका. तिला नवऱ्याच्या घरी राहू द्या, ती दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी देईल.

सोमवारी फोन आला.

"बिरदेव, पहिली मागणी मान्य झाली. जेलमध्ये ठेवता येणार नाही."

"मग न्यायला कवा येऊ, म्याडम?"

"घरी नाही. परदेशी लोकांसाठी केंद्र असतं, तिथं हलवणार. रेल्वेनं दोन दिवस लागतात."

"म्हंजी इथनं बी गेली?"

"हो. दुसरी मागणी फेटाळली."

"जितल्यावर असं, तर हरल्यावर काय हुतं वो?"

नाते:
मांडवात भटजींनी विचारलं, कन्यादान कोण करणार? शेजारचा म्हातारा केरबा उठला. पोरीला माहेर नाही म्हणजे काय? तेव्हापासून दर पंचमीला तो तिला माहेरी न्यायचा, दोनशे पावलांवर. आधार कार्ड काढताना वडिलांच्या जागीही त्याने आपलंच नाव सांगितलं. पोलिसांनी कार्ड बघून तिला परत पाठवण्यासाठी चौकशीचा फॉर्म भरला. फॉर्म तिच्या देशात गेला. उत्तर आलं: केरबाची अशी कुणी मुलगी आमच्याकडे नाही. सृष्टीने दुरुस्तीसाठी चार अर्ज केले. पण खरा बाप वारलेला, घर नदीने नेलेलं. उत्तर तेच.

इथली नाही. तिथली नाही.

आज जेलच्या खिडकीपाशी दोघे आहेत. बिरदेवच्या हातात दोघांचे अर्ज. केरबाच्या पिशवीत हिरव्या बांगड्या, पंचमी पाच दिवसांवर आलेली. आपल्या अर्जावर केरबाने लिहिलंय:

नाते: बाप.

"आज्जा," हवालदार कृष्णात म्हणाला, "याच शब्दानं एवढं रामायण झालं. खोडा त्यो."

"मग काय लिवू?"

"ओळखीचा."

केरबाने खोडलं. ओळखीचा लिहिलं नाही. कृष्णातने तरी शिक्का मारला. बांगड्या मात्र बाहेर ठेवायला लावल्या, काच आत चालत नाही.

जाळीपलीकडे राणी. उद्या गाडी.

"आबा, पंचमीला न्यायला येणार न्हवं?"

"येतो की. न्हाई आलो तर सासरची नावं ठेवतील."

ती हसली. बिरदेव जाळीला बोट लावून उभा होता. दहा मिनिटांत घंटा झाली.

बाहेर येऊन केरबा पुन्हा खिडकीशी गेला.

"सायेब, तितला बी अर्ज असंलच की. एक द्या. हितंच भरून ठेवतो."

"तितलं मला ठावं न्हाई, आज्जा. जेलात भेटीचा नियम असतो. आठवड्याचा वार असतो."

"मग?"

"ते जेल न्हाई."